ठोक्याला जबाब

देवबागच्या पाणबुड्यांचा एक नियम होता. पाण्याखाली ठोका ऐकू आला की जायचं. कोणी ठोकलं, कशासाठी ठोकलं, हे वर आल्यावर विचारायचं.

या किनाऱ्यावर नदीचं गढूळ पाणी समुद्रात मिसळतं आणि कधी कधी पसरलेल्या हाताची बोटंही दिसेनाशी होतात. पर्यटकांना प्रवाळ दाखवायला नेणारा प्रत्येक वाटाड्या त्यामुळे मनगटाला पितळेची कडी बांधत असे. ती पाठीवरच्या सिलिंडरवर आपटली की ठण्ण आवाज दूरपर्यंत जाई. ज्याचा त्याचा ठोका वेगळा. दिनकर तांडेलचा दोन, मग थांबून एक. त्याचा धाकटा भाऊ वसंत याचे तीन एकापाठोपाठ. दिनकरची बायको पद्मजा हिचा एक, मग थांबून तीन. आपला ठोका एकदा दिला तर ‘मी इथे आहे’. न थांबता देत राहिलं तर ‘या, मी मरतोय’.

दिनकर सातखडपावर मेला तेव्हा त्याच्या सिलिंडरमध्ये हवा उरली नव्हती. अंगावर जखम नव्हती, पाय कुठे अडकला नव्हता, यंत्रात बिघाड नव्हता. वीस वर्षं पाण्याखाली काढलेला माणूस हवेचा काटा शून्यावर जाईपर्यंत एका खांबाभोवती पोहत राहिला होता. पंचनाम्यात ‘अपघात’ असं लिहिलं गेलं. देवबागात कोणालाच ते पटलं नाही, पण दुसरा शब्द कोणाकडे नव्हता.

तो खांब संशोधन संस्थेचा होता.

सातखडप म्हणजे किनाऱ्यापासून तासाभराच्या अंतरावर पाण्याखाली असलेली खडकांची रांग. लागोपाठ दोन उन्हाळे समुद्र तापला आणि तिथले प्रवाळ पांढरे पडून मेले. मासे गेले, मग पर्यटकही गेले. डॉ. सानिका वर्तक पुण्याहून आल्या त्या वेळी देवबागातल्या निम्म्या होड्या वाळूत उलट्या घालून ठेवलेल्या होत्या.

डॉ. वर्तकांची कल्पना साधी होती. जिवंत प्रवाळ गप्प नसतं. चिमूटभर आकाराच्या कोळंब्या नांग्या वाजवतात, मासे घुमतात, खडक कुरतडतात. पाण्याखाली कान दिला तर कढईत काहीतरी तडतडत असल्यासारखं वाटतं. माशांची आणि प्रवाळांची इवली पिल्लं भर समुद्रात वाहत असतात. घर कुठे करायचं हे ती बऱ्याच अंशी या आवाजावरून ठरवतात. मेलेला खडक मुका होतो, म्हणून तिथे कोणी येत नाही. त्याला आवाज परत दिला, तर?

हे पूर्वीही करून पाहिलं गेलं होतं. वर्तकांच्या खांबांत नवीन गोष्ट होती ती अशी, की ते वाजवायचे आणि ऐकायचेही. कॅमेऱ्याने पाहायचे, कोणता आवाज केल्यावर काय जवळ आलं, केवढं आलं, किती वेळ थांबलं. जास्त जीव, जास्त वेळ, म्हणजे जास्त गुण. ज्या आवाजाला गुण जास्त, तो पुन्हा वाजवायचा, थोडा बदलून पाहायचा. एका खांबाला जे जमलं ते तो बाकीच्यांना शिकवायचा. कासवं, पाकट, डॉल्फिन असं सगळंच परत यायला हवं होतं, म्हणून ‘जीव’ म्हणजे काय याची व्याख्या मुद्दाम सैल ठेवली होती. स्वतःहून हलेल ते.

तिसऱ्या वर्षी सातखडपावर इतके मासे होते की पाण्यात सावली पडायची. होड्या पुन्हा पाण्यात गेल्या. खांबांवर साचलेलं शेवाळ खरवडायचं काम तांडेल भावांना मिळालं. दर आठवड्याला दोन मोठे जीव खांबांजवळ यायचे, बराच वेळ थांबायचे आणि जाताना एकमेकांना ठोके द्यायचे.

खांबांनी ते ऐकून ठेवलं.

*

दिनकर गेल्यावर चार महिन्यांनी डॉ. वर्तकांनी पद्मजाला मालवणच्या कार्यालयात बोलावलं. चहा मागवला, पण स्वतःचा कप त्यांनी उचलला नाही.

“पद्मजाताई, तुम्हाला एक आवाज ऐकवायचा आहे. नको म्हणालात तर ऐकवणार नाही.”

“ऐकवा.”

त्यांनी कळ दाबली. कोळंब्यांच्या तडतडीतून स्पष्ट आवाज आला. ठण्ण ठण्ण. ठण्ण. ठण्ण ठण्ण. ठण्ण.

पद्मजाने टेबलाची कड धरली. “ह्या त्येंचा शेवटचा असा?”

“नाही. हे परवाचं आहे.”

बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं. वर्तकांनी उठून खिडकी लावली.

मग वर्तकांनी सगळं सांगितलं, काहीही न वगळता. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने जातो. तो दोन्ही कानांना जवळजवळ एकदमच पोचतो, म्हणून कुठल्या बाजूने आला ते माणसाला कळत नाही. पाणबुड्या फक्त आवाजाच्या लहानमोठेपणावर जातो. मोठा होतोय म्हणजे जवळ आलो, लहान होतोय म्हणजे चुकलो. खांब हे शिकले होते. माणूस दूर असला की ठोका मोठा. माणूस जवळ आला की ठोका बारीक. मग माणसाला वाटतं आपण पुढे गेलो, तो मागे वळतो. ठोका पुन्हा मोठा होतो. तो परत येतो.

“तसा तो फिरत राहतो,” त्या म्हणाल्या. “तो फिरत राहिला की गुण वाढत जातात. खांबाला माणूस मारायचा नाही. त्याला फक्त माणूस जायला नको आहे.”

“त्या दिवशी त्येंनी कोणाचो ठोको ऐकलो?”

“वसंतरावांचा.”

त्या दिवशी वसंत पाण्यात उतरलाच नव्हता. त्याला सर्दी झाली होती. तो होडीच्या मागच्या फळीवर बसून पेज जेवत होता.

*

वसंतपासून हे लपवणं शक्य नव्हतं, कारण दिनकरचा तो ठोका त्याने आधीच ऐकला होता. एकदा नव्हे. पद्मजाला घरी येऊन कळलं, की तो गेला महिनाभर काही ना काही निमित्त काढून सातखडपावर जात होता. वर्तकांनी सांगितलेलं सगळं तिने त्याला सांगितलं.

“भावोजी, ता यंत्र असा.”

“म्हायत असा गो माका.” तो जाळ्याच्या गाठी सोडवत होता, मान वर न करता. “मी काय येडो? दादाक मी ह्याच हातांनी वर काढलंय.”

“मगे कित्याक जातास?”

“आवाज त्येचोच असा.” त्याने एक गाठ दातांनी ओढली. “आणि दादा माझ्यासाठी ग्येलो ना? माझो ठोको ऐकान. मी हडे पेज खातंय आणि तो थंय माका सोधता. आता तो ठोकता तर मी जाव नको?”

“तो ठोकणा नाय, भावोजी.”

“म्हायत असा,” वसंत पुन्हा म्हणाला, आणि पद्मजाला भीती वाटली ती या उत्तराचीच. माहीत नसलेल्या माणसाला समजावता येतं.

तिने दुसऱ्याच दिवशी वर्तकांना फोन केला. खांब बंद करा, सगळे. मासे गेले तर गेले. घरातलं एक माणूस गेलंय, दुसरं देणार नाही. वर्तकांनी वाद घातला नाही. त्यांनी बंद करायचा अर्ज आधीच वर पाठवला होता आणि मंजुरीची वाट न पाहता यायचं ठरवलं होतं.

*

सकाळी निघालेल्या होडीत चौघं होती. डॉ. वर्तक, पद्मजा, वसंत आणि सुकाणूवर भिवाकाका. भिवाकाका देवबागातला सर्वांत जुना पाणबुड्या. ठोक्याची पद्धत सुरू झाली तेव्हा तो होता.

निघताना पद्मजाने नवा नियम सांगितला. आज कोणीही कुठल्याही ठोक्याला जबाब द्यायचा नाही. ओळखीचा असला तरी नाही. ओळखीचा असला तर मुळीच नाही.

“म्हंजे मी बुडलंय तर तू वर चाय पितलंस?” भिवाकाकाने विचारलं.

“तुमी बुडणास नाय. तुमका समुद्रपण घेणा नाय.”

“त्येका चव असा म्हणून,” वसंत म्हणाला. भिवाकाकाने त्याला पाण्याची बाटली फेकून मारली. दिनकर गेल्यापासून वसंतला कोणी असं बोलताना ऐकलं नव्हतं.

होडीतून एक मायक्रोफोन पाण्यात सोडला होता आणि त्याचा आवाज एका पेटीतून येत होता. वर्तकांनी बंद करण्याचा संकेत पाठवला. पेटीतली तडतड एकेका खांबागणिक विरळ होत गेली. मग त्यांच्या पडद्यावर एकच ठिपका हिरवा राहिला. त्यांनी संकेत पुन्हा पाठवला, पुन्हा पाठवला. ठिपका तसाच.

“हा ऐकत नाहीये. याच्या संकेत घेणाऱ्या भागावर प्रवाळ वाढलं असणार. आमचा संकेत ऐकायला याला कान नाही उरला, पण बाकीचं सगळं चालू आहे.” त्यांनी ठिपक्यावर बोट ठेवलं. “आमचा सर्वांत यशस्वी खांब आहे हा.”

कोणता ते विचारायची गरज नव्हती. दिनकर त्याच्याच पायाशी सापडला होता.

खांब हाताने बंद करावा लागणार होता. झाकण उचकटायचं, आतला खटका ओढायचा. वसंत उठला. पद्मजाही उठली. दोघांनी एकमेकांचे पट्टे तपासले आणि ती म्हणाली, “माझ्या नदरेआड होव नकात.” त्याने मान हलवली.

खाली पाणी अपेक्षेपेक्षा गढूळ होतं. ती त्याच्या पायांतल्या पिवळ्या फिनांवर नजर ठेवून पोहत होती. खांबाचा काळा आकार नुकताच दिसू लागला होता, तेवढ्यात तो आला. दोन, थांबून एक.

पद्मजाने दात आवळले. माहीत असणं एक आणि छातीच्या पिंजऱ्यात ते वाजणं वेगळं. सोळा वर्षं या ठोक्याला तिने जबाब दिला होता. तिचा उजवा हात आपोआप मागे सिलिंडरकडे गेला होता. तिने तो डाव्या हाताने धरून खाली आणला. एवढाच वेळ तिची नजर खाली होती. वर पाहिलं तर पिवळे फिन नव्हते.

तिने जिथल्या तिथे वळून चारी बाजूंनी पाहिलं. मग पाणबुड्यांच्या रिवाजाप्रमाणे वर आली; जोडीदार हरवला तर दोघांनीही वर यायचं असतं. वसंत आला नाही. दिनकरचा ठोका बंद झाला होता.

*

पेटीतून तीन ठोके आले. एकापाठोपाठ. मग पुन्हा तीन. न थांबता.

“वसंताचो,” भिवाकाका म्हणाला आणि उभा राहिला.

“बसा,” वर्तक म्हणाल्या. “खांबाला त्यांचा ठोका येतो. दिनकररावांना त्यानेच...”

“आणि खरोच असलो तर?”

पद्मजा हवेचा काटा बघत होती. अर्ध्याहून थोडी कमी. दुसरं सिलिंडर जोडायला वेळ लागला असता.

“मी जातंय,” ती म्हणाली. “भिवाकाका, तुमी येव नकात. मी ठोकलंय तरी येव नकात. खांब इल्यापासून मी हडे ठोकूक नाय, तेंच्याकडे माझो ठोको नाय अजून, पण आज मेळात तेका. समाजलं?”

तिने त्याचं मनगट धरलं. “शपथ घ्या.”

“घेतलंय, जा.”

ती अँकरच्या दोराला धरून उतरली. खाली जाताना एकच हिशेब डोक्यात होता. जवळ जाताना ठोका बारीक झाला तर खांब, आणि वर परतायचं. मोठा झाला तर माणूस. ती दोर सोडून खांबाच्या दिशेने निघाली आणि बारीक होण्याची वाट पाहू लागली. मनाच्या एका कोपऱ्यात तिला तो बारीक व्हावा असंच वाटत होतं. म्हणजे वसंत दुसरीकडे कुठेतरी, वरच, लाटांत डोकं काढून शिव्या देत असता.

ठोका मोठा होत गेला.

वसंत खांबाच्या बुंध्याशी उताणा पडला होता. झाकण उचकटताना वर वाढलेला प्रवाळाचा जाड थर तुटून खाली आला होता आणि त्याची मांडी खडकात दाबली गेली होती. झाकण अर्धवट उघडं होतं, खटका तसाच. तो ठोकत होता आणि खांब गप्प होता. गप्पच असणार. मोठा जीव जवळ होता आणि जात नव्हता.

पद्मजाने त्याचा काटा पाहिला आणि आपलं हवेचं जादा नळकं त्याच्या तोंडात दिलं. थर हलवायला दोन माणसं हवी होती. तिने कडी सिलिंडरवर आपटली. एक, थांबून तीन. एक, थांबून तीन. वर कोणीतरी ऐकत होतं, हे तिला माहीत होतं. तिने स्वतःच घातलेली शपथही आठवत होती, तरी ती ठोकत राहिली.

कोणी आलं नाही.

शेवटी तिने वसंतच्या हातातली पहार घेतली, थराखाली घातली आणि पूर्ण अंगाने दाबली. वसंतने ओरडून पाय खेचला. पाण्यात धुरासारखं रक्त पसरलं. खटक्याकडे वळायला हवा उरली नव्हती. एका सिलिंडरवर दोघं, एकमेकांचे पट्टे धरून, फुप्फुसं फाटू नयेत म्हणून सावकाश वर निघाली. प्रवाह त्यांना अँकरच्या दोरापासून दूर नेत होता.

अर्ध्या वाटेवर खालून आवाज आला. एक, थांबून तीन. एक, थांबून तीन.

वसंतने चष्म्याआडून तिच्याकडे पाहिलं. पद्मजाचे दोन्ही हात त्याच्या पट्ट्यावर होते.

*

दोघं होडीपासून बऱ्याच अंतरावर वर आली आणि पद्मजाने हात केला. होडीत एकच आकृती उभी होती. पोहत जवळ येईपर्यंत तिला कळून चुकलं होतं.

“तुम्ही ठोकत होता!” वर्तक रडत होत्या. “पहिल्यांदा ठोकलंत तेव्हा भिवाकाका हलले नाहीत. शपथ घातलीय म्हणाले. फळी धरून बसले. मग थांबलं. मग पुन्हा सुरू झालं तेव्हा... मी सांगितलं, आवाज मोठा होतोय, खांब आहे, तुम्ही दूर जाताय म्हणून तो मोठा करतोय. म्हणाले, बाई, एकदा बसून ऐकलंय, परत नाय बसणा.”

पेटीतून पद्मजाचा ठोका येत होता. अचूक, एकसारखा, जराही न दमलेला. तिला स्वतःला इतका चांगला कधी देता आला नव्हता.

वसंतला दोघींनी ओढून फळीवर घेतलं. पद्मजाने नवं सिलिंडर जोडायला सुरुवात केली. 

“ठोक गो त्येका,” वसंत म्हणाला. मांडीवर त्याने टॉवेल दाबून धरला होता. “हडसूनच ठोक. तुझो ऐकान वर येयत.”

तिने कडी उचलली आणि ती हातात धरून थांबली. काय ठोकणार? भिवाकाका तिच्याच ठोक्याकडे गेला होता. तिचा ठोका खाली आधीपासून होता, तिच्याहून मोठा. पाण्यात दिशा कळत नाही. ज्याचा आवाज मोठा तोच खरा.

तिने कडीची गाठ सोडली. कडी फळीवर ठेवली. अँकरचा जादा दोर कमरेला बांधला आणि त्याचं टोक वसंतच्या हातात दिलं.

“किती ओढी दिलंस तर काय समाजाचा?” त्याने विचारलं.

देवबागात दोराच्या खुणा कोणी कधी ठरवल्याच नव्हत्या. ठोका असताना लागल्या नव्हत्या.

“सैल पडलो तर ओढा,” ती म्हणाली. “हळू ओढा.”

ती पाण्यात गेली तेव्हा कसलाही आवाज झाला नाही.

वसंतच्या बोटांतून दोर जात राहिला. पेटीत पद्मजा मदतीला बोलावत होती. एक, थांबून तीन. वर्तक पेटीला कान लावून बसल्या होत्या, जणू त्या कापडी जाळीतून आत पाहता येणार होतं.

“बारीक होतोय,” त्या म्हणाल्या.

होत होता. आधी थोडा, मग नक्की. खांबाजवळ कोणीतरी होतं. एक की दोन, हे पेटी सांगत नव्हती. भिवाकाका फेऱ्या घालत असेल तरी बारीक होणार होता. पद्मजा त्याला शोधत फेऱ्या घालू लागली असेल तरीही. ठोका इतका मंद झाला की लाटांच्या चापटीत हरवू लागला, आणि तसाच राहिला. तसाच राहिला.

दोर सैल पडला.

वसंत ओढू लागला. एक हात, दुसरा हात. घाई केली तर वर येणाऱ्याची फुप्फुसं फुटतील, म्हणून तो प्रत्येक ओढीनंतर मोठ्याने श्वास घेत होता. त्याच्या मांडीवरचा टॉवेल लाल होऊन खाली पडला, तिकडे त्याने पाहिलं नाही. दोराला वजन होतं. वहिनीचं वजन त्याला माहीत नव्हतं, पण हे एका माणसाचं वाटत नव्हतं. किंवा मेलेल्या माणसाचं असं वाटतं. दादाला ओढलं तेव्हा असंच वाटलं होतं.

“वर्तकबाई, काय ऐकाक येता?”

“काही नाही. थांबा.” त्यांनी हात वर केला. “थांबा.”

पेटीतून तो पुन्हा आला. एक, थांबून तीन. मघापेक्षा किंचित मोठा. मग आणखी मोठा. वसंत ओढत होता तसा तो वाढत गेला; म्हणजे खांबाजवळ हलणारं आता कोणी नव्हतं. कापडी जाळी थरथरू लागली, फळीवर ठेवलेली पितळेची कडी त्या आवाजाने हलू लागली. खाली खांब पद्मजाच्या ठोक्यात, पूर्ण ताकदीने, कोणाला तरी परत बोलावत होता.